जिझोंच्या सहा टोप्या

ती. सातोएताईस,

धाकट्या मिनेचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आल्यापासून तू जिना चढतेस, असं भावोजींनी लिहिलं होतं. पण तुझ्या दुखण्याबद्दल भावोजी नेहमी कमीच लिहितात (जास्त लिहिलं तर भांडी त्यांना घासावी लागतील), तेव्हा खरं काय ते तूच कळव. बुद्धाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल आहोत. म्हणजे मंगळवारपर्यंत होतो. आता आमच्या वाडीत कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. दुकानात तोफू घ्यायला गेलं तरी तीन बायका एकदम गप्प होतात आणि हवेबद्दल बोलायला लागतात.

मुळापासून सांगते. सासूबाईंनी चाळीस वर्षं जपलेलं काकडीचं बी तुला आठवत असेल, ते तांदळाच्या डब्यात पुडी करून ठेवलेलं. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता दोन शब्द प्रेमाचे बोलतील. तर म्हणाल्या, "मिने, माझा घोडा दुकानातला नको." यंदाचं त्यांचं पहिलंच बोन, पितरांनी घरी यायचा सण. ऑगस्टमध्ये चार काड्यांचे पाय लावलेल्या काकडीच्या घोड्यावर बसून त्या घरी येणार, आणि ज्या बाईने जन्मात कधी भाजी विकत घेतली नाही, तिला मी बाजारच्या काकडीवर बसवू? त्या यायच्याच नाहीत. किंवा चालत येतील, आणि ते त्याहून वाईट. म्हणून होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं. वीस रोपं झाली. वसंत लागल्यापासून अठ्ठ्याऐंशी रात्री बोटांवर मोजल्या (दोनदा मोजल्या, कारण आमचे हे मध्येच बोलतात), त्यानंतर दव गोठत नाही म्हणून निर्धास्तपणे रोपं बाहेर लावली. नव्वदाव्या रात्री पांढरंशुभ्र दव पडलं. तेरा रोपं उकडलेल्या पालकासारखी झाली. राहिली सात. बी संपलं.

मंगळवारी संध्याकाळी गावच्या भोंग्यावरून पुन्हा सांगितलं, आज दव गोठणार, रोपं झाका. ह्यांनी वर्तमानपत्राच्या सात टोप्या करून दिल्या (बातम्या वाचत वाचत, त्यामुळे अर्धा तास लागला). मी त्या रोपांवर घालून खडे ठेवले आणि कांदे आणायला गेले. येऊन बघते तर एकही टोपी जागेवर नाही. एक सापडली शेजारच्या कुनिएवहिनींच्या कुंपणात. वारा होता हे मला मान्य आहे. पण वारा नेमका त्यांच्याकडेच कसा गेला? वहिनींचीही काकडी आहे, आणि बोनला आमच्यापेक्षा लांब काकडी मिरवायची त्यांना हौस आहे. मी काही म्हणत नाही. फक्त लक्षात ठेवलं.

आणि बुधवारी सकाळी गावात बोंब झाली. चौकातल्या सहा दगडी जिझोंची डोकी उघडी! तांबड्या लोकरीच्या सहाही टोप्या रात्रीतून नाहीशा. तोकुजी आजोबा रोज पहाटे तिथे उदबत्ती लावतात, त्यांनीच प्रथम पाहिलं आणि तिथेच बसून रडले. पोराबाळांना सांभाळणाऱ्या देवाच्या डोक्यावरचं कुणी काढावं? संध्याकाळी सभा बसली. संशयितांची यादी करायचं ठरलं आणि मी मॅट्रिक झालेली म्हणून लिहायला मला बसवलं. अकरा नावं झाली, त्यांत शिकवणी घेणारे गुरुजी (त्यांच्या कुत्र्याला थंडी वाजते), टोकियोहून आलेली नवी सून (तिला तांबडा रंग आवडतो), आणि सगळ्यात वर कुनिएवहिनी, कारण त्या टोप्या विणतात त्याच. स्वतःच चोरायच्या आणि गावाकडून नवी लोकर मिळवायची, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मी लिहिलं नाही. माझं नाव यादीत नाही. यादी लिहिणाऱ्याचं नाव यादीत घालत नाहीत.

तशा वहिनींच्या टोप्या मला कधीच आवडल्या नाहीत. तीस वर्षं विणतायत, पण माप म्हणून नाही. इतक्या ढगळ की देवाच्या नाकावर येतात. वहिनी सभेत स्वतःचं नाव ऐकूनही गप्प बसल्या होत्या, हे मला फार संशयास्पद वाटलं. काल वाटेत भेटल्या, तर माझ्या परसाकडे बघत म्हणाल्या, "काय गं, सगळ्या गावाची रोपं काळी पडली. तुझी सात कशी हिरवी?" मी म्हटलं, "देवाची कृपा." तर हसल्या. कसं हसल्या ते पत्रात लिहिता येत नाही.

असो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तळव्यांना तेल चोळत जा.

तुझी,
मिने

ता. क. तुझ्याकडे सफरचंदाच्या सालीसारखी गडद तांबडी लोकर असेल तर सहा टोप्यांपुरती पाठव. चहाच्या डब्यात घालून, वर चहा पसरून पाठव. आमचा पोस्टमन डबे हलवून बघतो.

दुसरा ता. क. ताई, तुझ्यापासून काय लपवू? मीच ती. कांदे घरी टाकून टोप्या शोधत चौकापर्यंत आले, तेव्हा भोंगा ओरडत होता, कागदी टोप्या तर उडालेल्या, आणि समोर हे सहाजण लोकर घालून बसलेले. मी हात जोडून विचारलं, रोपंही लेकरंच की नाहीत? कुणी नाही म्हणालं नाही. सातव्या रोपाला ह्यांची झोपायची टोपी घातली. उजाडायच्या आत परत ठेवणार होते, पण डोळा लागला, आणि तोकुजी आजोबा आधी पोचले. तेव्हापासून चौकात पहारा आहे आणि टोप्या देव्हाऱ्याच्या खणात, सासूबाईंच्या फोटोमागे. फोटो माझ्याकडे बघतो.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच कुनिएवहिनी आल्या. पाटावर बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "भोंगा परत ओरडलाय. काढ टोप्या बाहेर, आणि ही सातवी घे." बाहीतून नवी टोपी काढली. मी देव्हाऱ्याच्या खणाला पाठ लावून उभी राहिले. तर म्हणे, "तुझ्या सासूबाईंनीच सांगितलं होतं मला, देवाचं डोकं काय मोजतेस, रोपाचं माप घे! दरवर्षी न्यायच्या त्या. पण तोकुजी आजोबांच्या आधी उठायच्या. तू उठत नाहीस, एवढाच तुझा गुन्हा." मेल्यावरसुद्धा सासूबाईंनी मला झोपेवरूनच पकडलं. उद्या वहिनी टोप्या चौकात ठेवून गावाला सांगणार आहेत की धुवायला नेल्या होत्या. देवासमोर खोटं नको, म्हणून मी आत्ताच खऱ्याच धुऊन चुलीपाशी वाळत घातल्या आहेत. रोपांवर घालायच्या वेळेपर्यंत वाळतील. (सभेतच बोलल्या असत्या तर काय बिघडत होतं, हा संशय मला अजून आहेच. पण यादीतलं पहिलं नाव मी खोडून टाकलं.)

तेव्हा लोकर नको. तुझ्याकडचं गजराचं घड्याळ असेल तर तेवढं लगेच पाठव.