डोळ्यात बघणारा डॉक्टर

प्रिय प्रियदर्शनी,

फोनवर मी तोंड उघडलं की तू कट करतीस, म्हणून लिहितोय. सातवीनंतर हातात पेन धरलं न्हाय, अक्षराला हसू नको. हितं कोइमतूरला गलाईच्या दुकानात सगळा दिवस भट्टीपुढं जातो. जुनं सोनं वितळवायचं, त्यातला मळ जाळायचा. सोनं ठेवलेली मूस लाल झाली की टक लावून बघावं लागतं, आणि नेमका तवाच मला तुझा तो डॉक्टर आठवतो. डॉक्टर कसला, आशिष. हातात बॅटरी आणि भिंग घेऊन लोकांच्या बुबुळात बघतो आणि सांगतो, हितं ठिपका म्हणजे लिव्हर, तितं रेघ म्हणजे किडनी.

तू त्याच्याकडं कामाला लागलीस तवा मी खूश झालो होतो, खरंच. तिकडं सात रस्ता चौकाजवळ, पंख्याखाली, खुर्चीवर बसून काम. मग तू तो फोटो स्टेटसला ठेवलास. तुझा एकच डोळा, टीव्हीएवढा मोठा केलेला, आणि काळ्या बुबुळात मधाच्या रंगाच्या रेघा. तुझ्या आबांच्या, म्हणजे माझ्या मामांच्या मेंढरांमागं आपण लहानपणापासून हिंडलो. तुझ्या डोळ्यात गेलेलं कुसळ मी जिभेनं काढलंय. तरी मला तो मधाचा रंग कधी दिसला न्हाय, त्याला पहिल्याच दिवशी दिसला. फोटो काढताना त्यानं तुझी हनुवटी धरली असंल न्हवं? पापणी बोटानं वर केली असंल. हे मनात आलं आणि माझ्या हातनं मूस पडून फुटली. शेट लई बोलला.

मग तूच माझ्या डोळ्याचा फोटो मागितलास. माझ्याबरोबर कामाला अक्कलकोटकडचा चन्नवीर हाय, त्याच्याकडनं उन्हात उभं राहून काढून घेतला, दाढी करून. डोळ्याच्या फोटोला दाढी कशाला रं, म्हणून तो दिवसभर हसला. आणि तुझ्या डॉक्टरनं सांगितलं काय, तर हा माणूस तापट हाय, संशयी हाय. तवापासनं मी काय बी बोललो की तू म्हणतीस, डॉक्टर बरोबर बोलले होते. माझं तोंडच बांधून टाकलं की त्यानं.

व्हय, जळतो मी. तू फोनवर असलीस की मागनं तो 'प्रियू, पुढचा पेशंट' म्हणून हाक मारतो. माझ्याशी लगीन ठरलेल्या पोरीला कोण अशी हाक मारतं?

पण आता जे लिहितोय ते जळून न्हाय. परवा मामांचा व्हिडिओ कॉल आला, चिंचोळीच्या कंपनीच्या गेटवरनं, वॉचमनच्या कपड्यात. लई खुशीत होते. म्हणाले, आशिषनं डोळा बघितला, साखर गेली म्हणाला, गोळ्या बंद केल्या, आता नुसते थेंब. तेवढ्यात गाडी आली म्हणून फोन खुर्चीला टेकवून गेट उघडायला गेले. एका पायातली चप्पल मागंच राहिली आणि त्यांना कळलंच न्हाय. तसाच पाय खडीवर टाकत गेले, तसेच परत आले. पायाला फडकं बांधलं होतं, ते ओलं होतं. विचारलं तर म्हणाले, चप्पल लागली जरा, दुखत न्हाय. दुखत न्हाय म्हणाले, प्रियदर्शनी. आमच्या शेटचा पाय बी दुखत न्हवता. साखरेनंच. गेल्या साली घोट्यापासनं काढावा लागला.

मी तुला काम सोड म्हणत न्हाय. तो रोज तुझ्या डोळ्यात बघू दे. उद्या तुला त्याच्याशीच लगीन करावं वाटलं तरी मामांना मी सांगीन, माझीच मर्जी न्हवती. तुझ्यावर बोल येऊ देणार न्हाय. फक्त हे पत्र मिळाल्या दिवशी मामांना सिव्हिलला ने, पाय दाखव, रक्त तपासायला सांग. माझं ऐकून नको नेऊस, मला खोटं पाडायला ने. साखर न्हाय निघाली तर फोन करून पोटभर हस मला. पण आधी ने.

काय बी झालं तरी तुझाच,
जोतिराम