धुण्याच्या फळ्यावरचं कुलूप

गोथेनबर्ग, गुरुवार

प्रिय आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. मजेत नाही ती माझी भाषा. संगणकाला एकाच वेळी अनेक कामं सांगता यावीत म्हणून ती बनवतोय, पण सारखी गोठते. प्रत्येक काम आपल्याला लागणारी माहिती कुलूप लावून धरून ठेवतं, मग हे काम त्याच्यासाठी अडून बसतं, ते ह्याच्यासाठी. आमची शिक्षिका गुनविर म्हणाली, "कुलूप लावायला शिकवलंस, काढायला काय तुझी आई येणार?"

वैतागून घरी आलो. इमारतीच्या सामायिक यंत्रावर कपडे धुण्याची पाळी राखायला फळ्यावर कुलूप अडकवतो ना, तिथे रविवारपासून माझंच, काढायचं विसरलेलं! खाली शेजारच्या आजींची चिठ्ठी: "चार दिवस धुताय. इतके मळवता तरी कसे?"

भांडून मी फोन आपटला त्याला तीन आठवडे झाले. तू करशील म्हणून मी थांबलो. तूही तशीच थांबली असशील. गुडघा अजून दुखतो का गं?

फळ्यावरचं कुलूप काढलं. आता हेही काढतो: चूक माझी होती.

आधी बोललेला तुझा,
एस्किल