जीर्ण जठरविकार

पाथरी,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्रास कारण, की केंद्राने तुझा भ्रमणध्वनी पहिल्या महिन्यापुरता जप्त केला असला, तरी ज्येष्ठ बंधूच्या उपदेशाला मज्जाव केलेला नाही. ही संधी मी दवडणार नाही.

तुला परभणीस दाखल करून आज दहा दिवस झाले. डॉक्टरांनी नव्वद सांगितले आहेत. यापूर्वी दोन वेळा तू पंधराव्या दिवशी रोगमुक्त होऊन स्वगृही परतलास आणि महिन्याच्या आत देवगाव फाट्यावरील बाकावर शयनस्थ आढळलास. तिसऱ्यांदा तसे घडल्यास तुझे यकृत साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मी ते तुला समोर घेऊन सांगतो.

खर्चाची चिंता नसावी. रोहिणीच्या शिक्षक पतसंस्थेने सभासदांचा जो सामूहिक आरोग्यविमा उतरवला आहे, त्यात पती नामक प्राण्याचाही समावेश आहे. अर्ज मी स्वहस्ते भरला. आजाराच्या रकान्यात ‘जीर्ण जठरविकार’ असे लिहिले आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची तशी चिठ्ठीही जोडली. पतसंस्थेच्या त्या खोलीत अर्ध्या जिल्ह्याचे गुरुजन चहा पीत बसलेले असतात. तेथील लिंबाजी लिपिकाच्या टेबलावर कुलाची अब्रू वाळत घालण्याइतका मी अद्याप निःसंग झालेलो नाही. तुझी कन्या पिंकी म्हणाली, की मोठे बाबा, पोट दुखतंय म्हणून कुणी तीन महिने दवाखान्यात राहतं का? बारावीला विज्ञान घेऊ दिल्याचे हे दुष्परिणाम.

औषधे वेळेवर घ्यावीत. आमचा लोभ विनाअट आहे. त्याचा गैरफायदा घेऊ नये.

तुझा ज्येष्ठ बंधू,
धम्मानंद


परभणी,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

हात अजून थरथरतो, म्हणून अक्षर तुमच्या नववीच्या वर्गातल्यासारखं आलंय. तांबड्या शाईनं तपासू नका.

इथं सकाळी सहाला उठवतात. झाडलोट, व्यायाम, मग सभा. सभेत एकेकानं उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि आपण दारुडे आहोत असं म्हणायचं. पहिले चार दिवस मी फक्त नाव सांगून बसलो. स्वयंपाकी आश्रुबा स्वतः नऊ वर्षांपूर्वी इथंच भरती होता. तो म्हणाला, लय पाव्हण्यासारखं बसायलाव साहेब, बोला की. पाचव्या दिवशी बोललो.

आता खरी गोष्ट. काल कार्यालयातल्या मॅडमनी बोलावलं. विमा कंपनी विचारतेय, की जठरविकाराचा रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रात काय करतोय? दादा, रोहिणीच्या पॉलिसीत मानसिक आजारांच्या यादीत व्यसनाचा उपचार स्पष्ट छापलेला आहे. मॅडमनी मला बोट ठेवून दाखवला. खरं लिहिलं असतं तर केव्हाच मंजूर झालं असतं. तुम्ही सगळ्या पाथरीचे अर्ज लिहून देता आणि माझ्याच अर्जाची ही तऱ्हा!

आता त्यांना घरातल्या वडीलधाऱ्याचं सहीचं निवेदन पाहिजे. मी किती वर्षं पितो, आधी काय उपाय केले, सगळं. शिवाय माझ्या ऑफिसातले रजेचे अर्ज. २५ तारखेपर्यंत मिळालं नाही तर दावा बंद, आणि मला खाट सोडावी लागेल. रजेचे अर्ज आणायला रोहिणी गेलीय. तेवढी मनाची तयारी ठेवा.

वहिनींना जयभीम. रागावलात तरी पत्र लिहायचं सोडू नका.

आपला,
सुगत


पाथरी,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

मनाची तयारी अपुरी पडली.

परवा रोहिणीसह पतसंस्थेत गेलो. लिंबाजीने तुझे रजेचे अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. विषमज्वर सात वेळा. कावीळ चार. अतिसाराची संख्या सभ्यतेस्तव देत नाही. याखेरीज आपली मावशी पार्वतीबाई तीन वेळा निवर्तली आहे, आणि तीच मावशी गेल्या आठवड्यात माझ्याकडे येऊन पिठल्याला मीठ कमी असल्याचे सांगून गेली. सर्व अर्ज माझ्या वळणदार हस्ताक्षरात! लिंबाजीने चष्मा पुसला आणि म्हणाला, गुर्जी, एवढे आजार एका माणसाला झाले, अन् दारूच तेवढी न्हाई झाली व्हय? चहा पिणारे गुरुजन थांबले. अध्यापनाच्या सत्तावीस वर्षांत प्रथमच मी स्वतःचे हस्ताक्षर पालथे करून ठेवले.

असो. निवेदन लिहून कालच सादर केले. सुवाच्य चार पृष्ठे. ‘मदीय अनुज हा प्रकृत्या सत्शील असून, स्नेहीजनांच्या आग्रहास्तव तथा कार्यालयीन क्लेशांच्या परिहारार्थ, प्रसंगविशेषी पेयविषयक शैथिल्यास वश झाला,’ असा त्याचा प्रारंभ आहे. सत्याचा अपलाप नाही आणि कुलाला डागही नाही. वाचून लिंबाजीने केवळ दीर्घ श्वास घेतला. साहित्याचा परिणाम असा असतो.

तू खाट सोडू नकोस. प्रेम आहे, त्रागाही आहे. दोहोंचा स्वीकार व्हावा.

तुझा,
धम्मानंद


ताडकळस,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊजींस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

तुमचं निवेदन कंपनीच्या डॉक्टरांनी परत पाठवलं. खाली शेरा आहे, की रुग्ण दारू पितो किंवा नाही हे यावरून समजत नाही. भाऊजी, चार पानांत दारू हा शब्दच नाही. मी शोधला, पिंकीनं शोधला. पिंकी म्हणाली, की मोठ्या बाबांचं वाचून असं वाटतं, पप्पांना सरकारनं शाल-श्रीफळ द्यावं. मला हसू आलं नाही.

आठ दिवस राहिलेत. मला राग कंपनीचा येत नाही, तुमचा येतोय. इतकी वर्षं ते पिऊन पडायचे आणि सकाळी तुम्ही पाथरीहून पहिल्या एसटीनं येऊन रजेचा अर्ज लिहून द्यायचात. मी चहा करून द्यायचे. तुम्ही मोठे, म्हणून कधी बोलले नाही. ती चूक माझी. त्या अर्जांनी नोकरी वाचली, माणूस वाचला नाही. दोन्ही वेळा त्यांना पंधरा दिवसांत घरी कुणी आणलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

मी लिहिलं असतं. पण बायको खर्चासाठी काहीही लिहील, म्हणून वडीलधाऱ्याचंच हवं, असं ते म्हणतात. आता एक कागद खरा लिहा. नाहीतर २६ तारखेला ते बॅग घेऊन दारात येतील आणि मी दार उघडीन. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. पण लिहा.

आपली,
रोहिणी


पाथरी,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. सुगत,
जयभीम.

सोबतचा कागद रविवारी रोहिणी घेऊन येईल. त्यावर तुझीही सही लागते. वाच आणि मग कर.

वर्गात मुले घटक चाचणी सोडवत होती आणि मी टेबलाशी बसून हे लिहीत होतो. तास संपला तेव्हा मुलांचे दहा प्रश्न झाले होते आणि माझी दोन वाक्ये. इतक्या वर्षांत शब्दांची जी श्रीमंती साठवली, तिच्यातला एकही शब्द कामास आला नाही, याचा संताप अजून ओसरलेला नाही. कोणावर संताप, ते विचारू नकोस.

कागद असा:

‘मी, धम्मानंद, राहणार पाथरी, लिहून देतो की सुगत माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. तो दारू पितो. सहा वर्षांपासून रोज पितो. त्याला दोनदा केंद्रात ठेवले होते. दोन्ही वेळा डॉक्टर नको म्हणत असताना मी त्याला पंधरा दिवसांत घरी आणले, कारण तो कुठे आहे असे लोक विचारू लागले होते. त्याच्या रजेच्या अर्जांतले आजार खोटे आहेत. ते अर्ज मी लिहिले. त्याला टायफॉइड कधीही झालेला नाही. आमची मावशी जिवंत आहे. त्याला पूर्ण नव्वद दिवस ठेवून घ्यावे, ही विनंती.’

माझ्यासारख्या मुख्याध्यापकाने असा कागद दिल्यावर शाळेत काय होईल, ते मी पाहून घेईन.

तुझा,
दादा


परभणी,
दि. २७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

मोबाईल परत मिळालाय, पण हे पत्रानंच कळवायचं होतं.

कागद वाचला आणि सही केली. एका ठिकाणी खाडाखोड करावी लागली, माफ करा. तुम्ही सहा वर्षं लिहिलं होतं. तुमच्या हातचा पहिला टायफॉइड २०१४चा आहे, तेव्हा पिंकी पहिलीत होती. मी सहा खोडून अकरा केलं आणि बाजूला छोटी सही केली.

लिंबाजींनी काल रोहिणीला फोन केला. मंजुरी आली, पण साठ दिवसांचीच. उरलेल्या तीस दिवसांसाठी कंपनीला आणखी एक निवेदन लागणार आहे. तुमचा वैताग इथपर्यंत ऐकू आला. मॅडम मात्र म्हणाल्या, की या भाषेत लिहिलं तर तेही मिळेल. मी कुठंही जात नाही.

काल सभेत माझी पाळी आली तेव्हा तुमच्या कागदाची नक्कल वाचून दाखवली. आश्रुबा मागं भाजी चिरत होता. तो म्हणाला, भाऊ लय इमानदार हाय साहेब, पण त्येलाबी पंधरा दिवस इथं ठिवा.

रविवारी घरच्यांना सभेत बसू देतात. मी मॅडमना तुमचं नाव दिलंय. वहिनींनाही आणा. उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागतील. लिहून आणू नका.

वाट पाहतो.

तुमचा,
सुगत