उदाहरण नसलेले शब्द

४ मार्च

प्रोग्राम उघडत नाही! सकाळपासून तीच लाल पट्टी — परवान्याची मुदत संपली. परवाना ल्यू गुरुजींच्या नावावर होता, विद्यापीठाने दिलेला. गुरुजी डिसेंबरात गेले. विद्यापीठाने त्यांचं नाव काढलं आणि प्रोग्रामने मला बाहेर काढलं.

बेइगान बेटाच्या बोलीचा अख्खा शब्दकोश, गुरुजींची तीस वर्षं, सगळं एका एक्सएमएल फाइलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडली तर टोकदार कंसांचं रान. डोळ्यांनी वाचता येतं. पण तिला काही विचारायचं म्हटलं, तर सोय नाही. अकरा हजार शब्द मी वरपासून खालपर्यंत वाचत बसू?

कोश छापणाऱ्या समितीच्या छ्यू सरांना फोन केला. निवृत्त मुख्याध्यापक, अजूनही प्रत्येकाशी पाचवीतल्या मुलाशी बोलावं तसे बोलतात.
"नवा परवाना केवढ्याला?"
सांगितलं.
"बाई, तेवढ्यात आपला कोश छापून होतो! फुकटचं काही शोधा. इंटरनेटवर लोक वाटतात म्हणे फुकट."

मी मुद्रितं तपासणारी बाई. सव्वीस वर्षं तैपेईत लाल पेनाने चुकलेली अक्षरं सुधारली. प्रकाशन बंद पडलं म्हणून या कोशाच्या कामाला इथे आले. मला काय कळतंय यातलं!

५ मार्च

धुकं. विमान नाही, बोट नाही, टपाल नाही. फोनही कुणाचा नाही — पण त्याचा दोष धुक्याला देता येणार नाही.

७ मार्च

गुरुजींच्याच घरात राहते, वरच्या खोलीत. त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची. खाली त्यांच्या बायको, पाओ-ज्याओ काकू. ब्याऐंशी वर्षांच्या, ताठ. संध्याकाळी ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतात, भिंतीवर दोनदा थाप मारतात आणि जातात. मी खाली येईपर्यंत टीव्ही मोठा झालेला असतो.

आज म्हटलं, "काकू, एकदा वर या ना. काम दाखवते."
"वरचं काम त्यांचं. मी खालची."

माशाच्या शेवया होत्या. गार झाल्या होत्या. तरी चांगल्या होत्या.

११ मार्च

फुकटची अवजारं खरंच मिळतात! कोण कुठली माणसं, रात्रंदिवस खपून बनवतात आणि उघड्यावर ठेवून देतात — घ्या, वापरा, आतलं यंत्रही उघडून बघा. मला आधी यात काहीतरी काळंबेरं वाटलं. नाही. खरंच फुकट.

पहिलं नुसती काळी खिडकी. टिचकी मारायलाही जागा नाही. दुसऱ्याने आधी सर्व्हर उभा करा म्हणून सांगितलं, मी नमस्कार केला. तिसरं उतरवलं, बेसएक्स. हे उघडलं! फाइल आत घेतली, रंगीत चौकटीही दाखवल्या. मग मी पहिला प्रश्न लिहिला — सगळ्या नोंदी दाखव.

उत्तर: शून्य.

१२ मार्च

शून्य.

१३ मार्च

शून्य! फाइल समोर आहे, नोंदी डोळ्यांना दिसतात, आणि हा म्हणतो एकही नाही. आता माझंच डोकं तपासायची वेळ आली.

दिवसभरात कुणाशी बोलले? दुकानदाराशी. "पिशवी हवी?" "नको."

१६ मार्च

इंटरनेटवरच्या एका मंचावर प्रश्न टाकला होता. आज उत्तर आलं! काओश्युंगचा कुणी आहे, नाव लावतो 'ओलं कासव'. म्हणाला, फाइलची पहिली ओळ पाठवा. पाठवली. लगेच उलट उत्तर —

"तुमच्या फाइलीतल्या सगळ्यांना आडनाव आहे, पहिल्याच ओळीत दिलंय. तुम्ही नुसत्या नावाने हाका मारताय. ओ कोण देणार? नावाआधी एक तारा आणि दोन टिंबं लावा. म्हणजे आडनाव कुठलंही चालेल."

तारा लावला. टिंबं लावली. आणि धो धो नोंदी! अकरा हजार! मी चक्क टाळ्या वाजवल्या. एकटीच. मग जिना उतरून सांगायला गेले. काकू मालिका बघत होत्या. मान वळवली नाही.
"त्यातून जेवायला मिळतं का?"
"नाही."
"मग दार लाव. गारवा येतोय."

ओल्या कासवाला आभार लिहिले. तुम्ही काय करता, काओश्युंगला ऊन आहे का, असंही लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. त्याने अंगठा पाठवला. संपलं.

२२ मार्च

समितीची बैठक. पानं कमी करायची म्हणून ठरलं — ज्या शब्दाला उदाहरणाचं वाक्य नाही, तो छापील कोशातून गाळायचा. छ्यू सर म्हणाले, "असे किती असतील? दहा-वीस. तुमच्या त्या फुकटच्याला विचारा."

२४ मार्च

विचारलं. ज्या नोंदीत उदाहरण नाही त्या दाखव. आल्या नऊ. फारच कमी. पटेना. एक नोंद सहज उघडून पाहिली, तिथे उदाहरणाची जागा होती, उघडणारी खूण, बंद करणारी खूण, आणि मधे काही नाही. रिकाम्या डब्याला झाकण लावून ठेवावं तसं. यंत्राला वाटलं डबा आहे म्हणजे भरलेला आहे.

प्रश्न बदलला. उदाहरणाच्या आत एक अक्षरही नसेल तर तेही दाखव. दोनशेच्या वर निघाले.

२५ मार्च

ते दोनशे शब्द वाचले. सकाळी सुरुवात केली ती उन्हं कलेपर्यंत उठले नाही.

अंगावरचं दूध पाझरून कपडा भिजणे. बाळंतिणीने महिनाभर डोकं न धुतल्यावर केसांना येणारा वास. तांदूळ संपत आलाय हे घरात कळू नये म्हणून पळी तळाला लागू न देता भात वाढणे. सासू बाहेर गेल्यावर सुनांनी एकत्र हसणे. होड्या यायची वेळ टळून गेल्यावर किनाऱ्यावर उभ्या बायकांमध्ये पडते ती शांतता — त्यालाही एक शब्द आहे! एवढासा.

बहुतेक सगळे बायकांचे. आणि एकालाही वाक्य नाही.

मग दुसरा प्रश्न टाकला. उदाहरणं सांगणारे कोण कोण? नावं आली. कोळी, पुजारी, शिक्षक, दारू गाळणारा. सगळे पुरुष. तीस वर्षांत एक बाई नाही. खाली स्वयंपाकघरात बायको होती हो, गुरुजी! जिना उतरायचा होता फक्त!

२८ मार्च

काकूंना विचारलं. धीर करून.
"काकू, काही शब्द आहेत. प्रत्येकाचं एक वाक्य सांगाल? नाहीतर ते गाळणार आहेत."
"गाळू दे."
"पण तुमचे शब्द आहेत."
"माझे आहेत ना? मग माझ्यापाशी राहतील."
ताट आज दुसऱ्या पायरीवर होतं. एक पायरी खाली! मुद्दाम की पाय दुखत होते म्हणून, कळलं नाही.

५ एप्रिल

पितरांचा दिवस. काकूंचा मुलगा ताओयुआनहून येणार होता, धुक्याने विमान उतरलंच नाही. काकूंनी टोपली उचलली आणि एकट्याच चढायला लागल्या. मी मागून जाऊन टोपली घेतली. मागे न बघता चढत राहिल्या.

थडग्यावरचं गवत काढलं. फळं, लाल दारू, मधे भोक असलेल्या तिळाच्या पोळ्या मांडल्या. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या.

उतरताना दम लागून एका दगडावर बसल्या. खाली समुद्र असावा, दिसत नव्हता.
"कुठला शब्द म्हणत होतीस?"
मला पटकन एकच आठवला. भात वाढायचा. माझ्या तोंडून तो असा काही बाहेर पडला की काकू हसायलाच लागल्या.
"तैपेईवाले, तू शिंकलीस की बोललीस?"
मग त्यांनी म्हणून दाखवला. आणि लगेच वाक्य. मी फोनवर टिपलं. अर्थ विचारला तर मँडरिनमध्ये सांगितला — "आई पळी तळाला लावत नव्हती, म्हणून आम्ही पोटभर जेवलो असं आम्हाला वाटायचं."

१० एप्रिल

रोज सहा-सात शब्द. जेवण आता खाली, टेबलावर. टीव्ही चालू असतो पण आवाज बंद. काकू वाक्य बोलतात, मी रेकॉर्ड करते, छ्यू सर ऐकून अक्षरात उतरवतात, मी फाइलमध्ये भरते. आणि रोज बेसएक्सला तोच प्रश्न — किती राहिले? आकडा उतरतो. रोज उतरतो!

१४ एप्रिल

छ्यू सरांचा फोन. आवाज पडलेला. "बाई, आजचं सातवं वाक्य... ते मी लिहायलाच हवं का?"
"काय आहे त्यात?"
"नवऱ्याबद्दल आहे."
"मग?"
"नवऱ्याच्या... उपयोगाबद्दल आहे."
काकूंना सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लिहायला सांग त्याला! मुख्याध्यापक झाला म्हणून काय झालं, आईने त्याच शब्दाने बापाला हाकललं असेल!"

१९ एप्रिल

आज मला पन्नास वर्षं पूर्ण. भावाने फुलाचं चित्र पाठवलं, हलणारं. खाली उतरल्यावर सहज बोलून गेले. काकू उठल्या. अर्ध्या तासाने वाडगा समोर — लाल दारूतल्या शेवया, वर दोन उकडलेली अंडी.
"तोडायच्या नाहीत. लांबच ओढायच्या, आयुष्य लांबतं."
मी ओढत राहिले, मान खाली घालून. वर बघण्याची सोय नव्हती, रडत होते.

३ मे

होड्यांच्या शांततेचा शब्द आज सांगितला. वाक्य दिलं. "माझ्या थोरल्या भावाच्या वेळी," एवढंच म्हणाल्या. मी फोन बंद केला. कपबशा धुतल्या.

११ मे

उत्तर: शून्य!

उदाहरण नसलेली एकही नोंद नाही. मार्चमध्ये याच शून्याने रडवलं होतं मला! ओल्या कासवाला कळवलं. त्याने या वेळी दोन अंगठे पाठवले.

१६ मे

समितीने मलाच एक पानाचं निवेदन लिहायला सांगितलं. लिहिलं. शेवटी असं — "गुरुजींनी सर्वांना विचारलं, पण बायकांना विचारलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात हे शब्द रोज बोलले जात होते, पण ते विचारायला जिना उतरले नाहीत. ही उणीव श्रीमती पाओ-ज्याओ यांच्यामुळे भरून निघाली."
छ्यू सर दोनदा वाचून म्हणाले, "इतकं रोखठोक? माणूस गेलाय, बाई."
"शब्दही गेले असते, सर."
त्यांनी सही केली.

काकूंना वाचून दाखवलं नाही. छापून आलं की दाखवीन. चकित होऊ देत.

३० मे

छापायला गेलं. माझं काम संपलं. पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची. तैपेईतलं घर बंद आहे चार महिने. दार उघडल्यावर कसला वास येईल ते आत्ताच नाकाला येतोय.

९ जून

काकू म्हणाल्या, "जायचं कशाला? वर कोण राहणार आहे? पाली?" मी म्हटलं, बघते. पण वर येऊन बॅग पुन्हा कपाटावर टाकली.

१७ जून

नमुन्याची प्रत आली. विमानाने, एकच. जाड, निळी. काकूंना वाचता येत नाही फारसं. मी निवेदन मोठ्याने वाचलं, हळूहळू, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांच्या नावाशी थांबले, वर पाहिलं.

काकू शेंगा सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या.

"हे विचारायचे," म्हणाल्या. "रोज विचारायचे. जेवताना, दिवा मालवताना. शेवटी हॉस्पिटलातसुद्धा."

मी पुस्तक मिटलं.

"एकदा विद्यापीठाची माणसं आली होती. माझ्याकडून एक शब्द तीनदा म्हणवून घेतला. ती माणसं हसली. हेही हसले. त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलीतून बोलले नाही. मीठ हवंय का, तेही मोडक्या मँडरिनमधून. मी शेजारणीशी बोलायला लागले की हे खिडकीमागे उभे राहून टिपून घ्यायचे. शब्द मिळायचा. वाक्य मिळायच्या आत मी खिडकी लावायची."

"मग मला का सांगितलंत, काकू?"

"तुला त्यातलं काही कळत नाही ना, म्हणून."

तीनशे प्रती उद्याच्या बोटीने येताहेत.