गिट्टी घरातच राहील

७ नोव्हेंबर १९६०, सोमवार

हे ड्युटीवरून आले ते थैलीत रिकामा डबा आणि डब्यावर कुत्र्याचं पिल्लू! पोलाद कारखान्याच्या तिसऱ्या भट्टीच्या बांधकामावर, खडीच्या म्हणजे गिट्टीच्या ढिगात सापडलं म्हणे. त्याची आई ट्रकखाली गेली. भुरकट रंग, पोट फुगलेलं, पाय कुठे टाकावे ते कळत नाही. नाव ठेवलं गिट्टी.

सासूबाईंनी पदर सावरून पाय वर घेतले. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो तेव्हा त्यांना पवनीहून बोलावून इकडेच आणलं. तिथे एकट्याच राहत होत्या. इथे अजून पाहुण्यासारख्या वागतात.

जेवताना हे मला म्हणाले, "पंधरा दिवसात शिकली त ठीक. घरात घाण करत राह्यली त ट्रकवर टाकून नंदिनीच्या चुनखडीच्या खदानीत सोडून देईन." आणलं स्वतः, धमकीही स्वतःच!

मी शिकवणार. गिट्टी घरातच राहील.

८ नोव्हेंबर

दिवसभर फडकं हातात. चुलीपाशी, दारात, ह्यांच्या बुटात.

१० नोव्हेंबर

आज लाटणं उगारलं. शेजारच्या शामसुंदरभाऊंनी कुंपणावरून पाहिलं. ते क्रेन चालवतात, इथल्याच गावचे. आपल्या बोलीत म्हणाले, "मार झन बहिनी. मारबे त लुका के मूतही." मारू नको म्हणे. खरंच आहे. मार खाल्ला की लपूनच करणार ना! लाटणं ठेवून दिलं.

मग त्यांनी रीत सांगितली. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की उचलायचं आणि एकाच जागी न्यायचं. केलं की लाड करायचे. ओलं फडकं त्याच जागी टाकायचं, वासाने ओळखते. आमच्या आंगणात नुसता लाल मुरूम. एक कडुनिंबाची काडी लावली आहे तेवढीच. तीच जागा ठरवली.

१३ नोव्हेंबर, रविवार

कंबर मोडली. उचल, ने, थांब, परत आण. आत आणलं की नेमकी पोत्यावर! हे हसून राहिले होते. मी हसली नाही.

१७ नोव्हेंबर

आज गिट्टी आपणहून दाराशी गेली आणि दार खरवडलं! मी भाकरी तव्यावर टाकून धावली. काडीपाशी जाऊन मोकळी झाली. भाकरी जळली. जळू दे!

१९ नोव्हेंबर

मागच्या खोलीत ओलं. सासूबाईंच्या खाटेजवळ. इतकं शिकली आणि पुन्हा तेच? पुसून घेतलं, ह्यांना सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

पुन्हा तिथेच. आज ह्यांनी पाहिलं. म्हणाले, रविवारी ट्रक जाते नंदिनीला.

मला समजून नाही राहिलं. दिवसभर पोरगी दार खरवडते, मग त्याच खोलीत काय होतं तिला? आज रात्री व्हरांड्यात साखळीने बांधून ठेवते. केकाटली तरी सोडणार नाही.

२२ नोव्हेंबर

पहाटे उठली. गिट्टी साखळीतच, गोणपाटावर गुंडाळून. कोरडी. आणि मागच्या खोलीत ओलं.

आंगणात सासूबाई लुगडं पिळत होत्या. एवढ्या थंडीत, नळाच्या पाण्यात हात लाल झालेले. मला पाहून म्हणाल्या, "कुत्रीनं भिजवलं."

मी म्हटलं, हो.

दुपारी तांदूळ निवडताना त्यांनीच पवनीच्या भागाबाईंची गोष्ट काढली. म्हातारपणी त्यांना आवरेना, तर लेकाने खाट गोठ्यात टाकली. तिथेच गेल्या. एवढं सांगून सासूबाई पुन्हा खडे वेचायला लागल्या.

काय करू? खरं सांगितलं तर गिट्टी वाचते, पण विड्या वळून ज्याला शिकवलं त्या लेकासमोर ही बाई मान कशी वर करेल? नाही सांगितलं तर पिल्लू खदानीत.

मी दोन्ही होऊ देणार नाही.

२३ नोव्हेंबर

उजाडायच्या आधी गिट्टीला काखेत घेतलं आणि मागच्या खोलीत गेली. "आत्याबाई, सोबत चाला ना. मले एकटीले आंगणात भेव लागते."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग उठल्या. आंगणाच्या टोकाला संडास, तिथवर अंधार. मी कंदील धरून कडुनिंबापाशी थांबली. आधी गिट्टीचं आटोपलं, मग सासूबाई आल्या.

२५ नोव्हेंबर

काल कोरडं, आजही कोरडं! जेवण झालं की नेते, निजायच्या आधी नेते. सोबत हवी म्हणते, त्या येतात.

आज दुपारी त्यांनीच हाक मारली, "सत्यशीला, तुही कुत्री उठली काय?"

गिट्टी गाढ झोपली होती. मी तशीच उचलली!

२७ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे पुन्हा ओलं. ह्यांनी पोतं काढलं, गिट्टीला आत टाकलं. मी दारात आडवी उभी राहिली. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, जाऊ देणार नाही.

सासूबाई भिंत धरून बाहेर आल्या.

"देवाजी, सोड तिले. ते तिचं नोहे. माह्यं आहे. मले आवरत नाही आता."

ह्यांनी पोतं जमिनीवर ठेवलं. मग खाली बसून गिट्टीला बाहेर काढलं. माझ्या हातातलं फडकं घेतलं, मागच्या खोलीत गेले आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, उद्या सुट्टी टाकतो, आईले दवाखान्यात दाखवू.

सासूबाई खाटेवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात राह्यलं."