सात नंबरची धून

४ सप्टेंबर

मिळालं! क्लबचं सदस्यत्व मिळालं, एका वर्षाचं. कार्डावर माझा फोटो आणि त्याखाली ‘संगीतकार’. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. नवे सिनेमे सगळ्यांच्या आधी बघायला, नवी गाणी सगळ्यांच्या आधी ऐकायला, आठवड्याला चार तास रेकॉर्डिंगची खोली, कॉफी हवी तेवढी – शिवाय एक कापडी पिशवी! प्रत्येक खेळाला सोबत एक जण नेता येतो.

सोबत कोण, यावर बराच विचार केला. घरात आत्याच आहे.

१२ सप्टेंबर

पहिला सिनेमा. एक पोस्टमन, एक समुद्र, तीन तास. मी भारावून गेलो. आत्या मध्यंतरापर्यंत जागी होती.

खेळ संपल्यावर सगळ्यांना मताची चिठ्ठी भरावी लागते, सोबत आलेल्यांनाही. मी दोन्ही बाजू भरून लिहिलं, ‘शांततेचं स्थापत्य’ वगैरे. आत्याने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, तिने आपल्या भाषेत लिहिलं – ‘कापड भारी. कंबरेत ढगळ. अर्धा तास आत घ्या.’

क्लब चालवणाऱ्या बाई (गळ्यात कायम स्कार्फ, म्हणून आपल्यापुरत्या स्कार्फबाई) ती चिठ्ठी वाचून खुदकन हसल्या आणि फळ्यावर लावून आल्या. मी मान खाली घालून कॉफी प्यायलो. दोन कप.

१ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगची खोली, चार तास. तिथली खुर्ची अप्रतिम आहे. साडेतीन तास झोप झाली.

२० जानेवारी

फळ्यावर आत्याच्या चिठ्ठ्या – अकरा. माझ्या – शून्य. आज एका मोठ्या छायालेखकाशी ओळख करून घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, “अरे, तुम्ही त्या शिवणवाल्या आत्यांचे भाचे ना? त्या नाही आल्या?”

आत्या हल्ली खेळाच्या दिवशी सकाळपासून साडी काढून ठेवते.

३ जुलै

तोंडचं पाणी पळालं. स्कार्फबाई सहज म्हणाल्या, “तुमची रचना कधी देताय?” कसली रचना? तर फॉर्मच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलंय – वर्षभरात स्वतःची एक पूर्ण रचना सादर करावी, त्यावर पुढच्या वर्षीचं ठरेल. मी रोज वीस लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावतो. माझ्याच फॉर्मची वाचली नाही!

सिनेमे बघितले, गाणी ऐकली, पिशवी घेऊन गावभर फिरलो. केलं काहीच नाही. कार्ड गेलं तर गेलं, पण त्यावरचा तो एक शब्द जाईल. त्याचं फार वाईट वाटतंय.

२९ जुलै

झाली. नऊ मिनिटांची धून. गेली चार वर्षं डोक्यात घोळत होती, ती शेवटी उतरवली. शेवट मात्र हाताला लागेना. संपवायला गेलो की आणखी एक वळण सुचायचं, ते सोडवायचं नाही. घेतली सगळी वळणं. क्लबमध्ये देऊन आलो. नाव लावत नाहीत, फक्त नंबर. माझा सात.

आत्याला सांगितलं नाही. निकाल लागला की एकदम सांगू.

९ ऑगस्ट

आज सगळ्यांच्या रचना ऐकवल्या. सात नंबर सुरू झाला आणि मी चोरून बाजूला बघितलं. आत्या शेजारीच, मांडीवर पर्स, डोळे मिटलेले. झोपली असेल तर बरं, असंही वाटून गेलं.

झोपली नव्हती. स्कार्फबाईंनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. ‘सात नंबर. कापड उत्तम, रंगही छान. पण शिवणाऱ्याला कात्री लावायची भीती वाटते. शेवटची दोन मिनिटं नुसता धागा लोंबतोय. तोडा आणि गाठ मारा.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला?

११ ऑगस्ट

आत्याशी बोललो नाही. “डोकं दुखतंय का रे?” असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा न विचारता बाम आणून ठेवला. मला आणखी राग आला.

१९ ऑगस्ट

दोन पाकिटं आली. एक मला – रचना अपूर्ण वाटल्याने सदस्यत्व वाढवता येत नाही, महिनाअखेरपर्यंत सोयी वापराव्यात. दुसरं आत्याला – आपल्या मतांचा आम्हाला फार उपयोग झाला, कृपया आमचं मानद सदस्यत्व स्वीकारावं. सोबत एक जण आणता येईल.

आत्याने चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं. “मी कार्ड घेऊन काय करू? मला काय येतं त्यातलं?” म्हणाली आणि पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. तिला किती आवडलं होतं ते मला दिसत होतं. “घे ग,” म्हणालो. बऱ्याच दिवसांनी तिच्याशी बोललो.

२६ ऑगस्ट

रेकॉर्डिंगची खोली, शेवटचे चार तास. त्या खुर्चीत बसलोच नाही. आत्या चुकली आहे हे स्वतःला दाखवून द्यायचं म्हणून शेवटची दोन मिनिटं कापून बघितली.

ऐकलं. पुन्हा ऐकलं. चुकली नव्हती. आता सगळं नीट बसलं होतं, आणि पहिल्यांदाच ते माझं वाटलं. एकटाच होतो, म्हणून डोळे पुसायची घाई केली नाही.

२७ ऑगस्ट

संध्याकाळी आत्याला ऐकवलं. म्हणालो, ओळखीच्या एकाचं आहे. शेवटपर्यंत ऐकून ती उठली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

“बसलं एकदम. आता न्हाणीघरातही एवढंच गात जा. चार वर्षं झाली, तुझं संपतच नाही आणि मला गार पाण्याने अंघोळ करावी लागते.”