भिंतीवरचा लाल उजेड

१२ ऑगस्ट
घर मिळालं, आणि कसलं झकास! कॉफीच्या मळ्याच्या कडेला दोन खोल्या, वर कौलं, मागे गाडीसाठी पत्र्याची शेड. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून हजर झाले तर दारात एक गाय माझी वाटच बघत होती. घरमालक मंदण्णा सत्तरीचे, चढावरच्या घरात एकटे असतात. पोचल्या पोचल्या त्यांनी तांदळाची अक्की रोटी आणि भोपळ्याची भाजी पाठवली. आईने मडिकेरीहून फोन करून विचारलं, एकटी कशी राहशील देचू? म्हटलं, नवऱ्याबरोबर राहून पाहिलं, आता एकटी राहून बघते. आई हसली. म्हणजे राग गेला असावा.

१४ ऑगस्ट
धुकं भरदुपारीही उतरतं. घाटात लाकडाचे ट्रक तर असे येतात की माझ्या जुन्या मारुतीचे मागचे दिवे गेले असतील तर सरळ अंगावरच येतील. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी दिवे तपासते. त्याला दुसरं माणूस लागत नाही. शेडच्या मागच्या पांढऱ्या भिंतीकडे गाडीची पाठ करायची, ब्रेक दाबायचा आणि आरशात बघायचं. भिंतीवर लाल उजेड पडला की झालं. उतरून जवळून बघायचं असेल तर ब्रेक आणि सीट यांच्यामध्ये छत्री आडवी अडकवायची.
मंदण्णांनी ते पाहिलं आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, त्या भिंतीशी नको, रस्त्यावर कर. मी म्हटलं, अज्जा, रस्ता उताराचा आहे, भिंत सपाटीवर आहे. ते तसेच चढ चढून गेले.

१८ ऑगस्ट
आज लाल उजेडात एक सावली होती. माणसाची, कमरेपर्यंत. उतरले तर गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कुणी नाही. आरशावर चिखल असेल म्हणून तो पुसला.

२० ऑगस्ट
आरसा स्वच्छ आहे. सावली आहे. आणि परवापेक्षा मोठी आहे.
वस्तू दिव्याच्या जितकी जवळ, तितकी सावली मोठी, हे शाळेतली पोरंही सांगतील. म्हणजे जे काही आहे ते भिंतीपासून गाडीकडे सरकतंय.
तरी डावा, उजवा, सगळे दिवे तपासूनच निघाले. म्हशीचं बाळंतपण माझ्या भीतीसाठी थांबणार नव्हतं. रेडकू छान आहे.

२२ ऑगस्ट
ब्रेक दाबला आणि मागून बाईचा आवाज आला. म्हणाली, लागला. अगदी शांतपणे, शंभरदा सांगून सवय झालेल्या माणसासारखी. मी डावा इंडिकेटर लावला. डावा लागला, म्हणाली.
मी गाडी तशीच पुढे काढली.

२३ ऑगस्ट
दूध घालणाऱ्या सीतव्वाला तिच्या घरी जाऊन विचारलं. आधी तिने चूल फुंकायचं सोंग केलं. मी हटले नाही तेव्हा बोलली.
"अज्जांची बायको, बोजव्वा. ते गाडीत बसायचे, ही मागे उभी राहून दिवे सांगायची. एका सकाळी गाडी मागच्या गिअरमध्ये राहिली होती अन् त्यांचा पाय चुकला. भिंतीला चिरडली गं बाई. तू शहाणी असशील तर आजच ट्रंक उचल."
म्हटलं, मी शहाणी असते तर गुरांची डॉक्टर झाले असते का?
"जीभ फार चालते तुझी," म्हणाली, पण दूध घालताना जास्तच घातलं.

२५ ऑगस्ट
आज भिंतीसमोर उभी राहून तिला स्पष्ट सांगितलं, बोजव्वा, तुझं वाईट झालं. पण मी तुझा नवरा नाही. मला मागे कुणी नको, पुढेही कुणी नको. माझे दिवे मी बघेन.
दिवसभर हलकं वाटलं.

२७ ऑगस्ट
आवाज नाही. सावलीही नाही. छत्री अडकवून मागे गेले, ब्रेकचे दोन्ही दिवे लखलखीत. परत आले तर छत्री शेजारच्या सीटवर, नीट घडी घालून ठेवलेली.
मग ब्रेक कुणी दाबला होता?
ती निघून गेली नाही. गाडीच्या आत गेली आहे.

२९ ऑगस्ट
मंदण्णा खाली आले. प्रथमच शेडपाशी आले आणि रडले. म्हणाले, ती माझी वाट बघतेय, मी मागे उभं राहावं म्हणून. मला धीर होत नाही. तू जा पोरी, भाडं नको.
मी नाही म्हटलं. एका माणसाने पळून जाऊन हे वाढवलंय, मी आणखी पळणार नाही. शिवाय आसपास गुरांचा दुसरा डॉक्टर नाही.

३१ ऑगस्ट
गाडीत कुणी नव्हतं. हॉर्न वाजला. तीनदा. बोलावल्यासारखा.
गेले नाही. तिने बोलावलं म्हणून जाणार नाही — मला वाटेल तेव्हा जाईन.

१ सप्टेंबर, सकाळी
आज मला वाटलं, म्हणून आले.
चारही चाकांना दगड लावलेत. दारं बंद. किल्ली माझ्या मुठीत. गाडीच्या मागे उभी आहे, वही डिकीवर ठेवून लिहितेय — जे दिसतं तेच.
भिंत पाठीला लागतेय. गार आहे.
म्हटलं, बोजव्वा, आज तू बस. मी सांगते. ब्रेक दाब.
लागला. दोन्ही लाल.
ब्रेक किल्लीशिवाय लागतो, त्यात नवल नाही. घाबरत नाही मी.
डावा. लागला. उजवा — लागला. किल्लीशिवाय हेही?
आत कुणीतरी मान वळवून बघतंय. काचेवर धुकं, तोंड दिसत नाही —
वरून मंदण्णा ओरडतायत. चढावरून धावत येतायत. या वयात —
एकच दिवा राहिलाय. मागे जाण्याचा, पांढरा. तो तर किल्ली फिरवून मागचा गिअर टाकल्याशिवाय लागूच शकत नाही. किल्ली माझ्याकडे आहे. म्हणून ओरडले, लाव! लावून दाखव!
दगड करकरतायत —
पांढरा ला